शिकऱ्याची शेपटी

रेणू लांजेवारच्या स्कूटरचा स्टँड तुटला तो हथखोजच्या रस्त्यावर, आणि तुटायचाच होता तर याहून सोयीची जागा त्याला सापडली नसती. भिलाईच्या या कारखान्यांच्या वस्तीत दर दुसऱ्या शटरमागे कोणी ना कोणी काहीतरी वेल्ड करत असतं. जोडायला काही उरलं नाही तर तिथले लोक चांगलं कापून पुन्हा जोडतात, अशी त्यांची ख्याती आहे.

समोरच्या शटरात निळ्या ठिणग्या उडत होत्या. रेणू स्कूटरला टेकू देऊन उभी राहिली, कारण आता स्कूटरला दुसरा आधार नव्हता.

"भैया, ये स्टँड हो जाएगा क्या?"

ठिणग्या थांबल्या. वेल्डिंगचा मुखवटा वर गेला. आत काळवंडलेला, घामेजलेला एक चेहरा होता, आणि त्या चेहऱ्यात डोळे असे होते की... रेणूने घाईघाईने स्टँडकडे पाहिलं.

"हो जाएगा, मॅडम." तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हाव माय, जेवलो. नाई, भाजी नाई टाकून देल्ली. रिकामा डबा दाखवू का तुले?"

"मराठी आहे का तुमी?"

"घरात," तो म्हणाला. "बाहेर कोनी इचारत नाई."

त्याचं नाव पीयूष कापगते. काम त्याने झपाट्याने केलं. स्टँड असा जोडला की रेणूने तो पायाने ढकलला, हाताने ओढला, शेवटी चपलेने हाणला, तरी ढिम्म हलेना.

"आता हा तुटत नाई," पीयूष म्हणाला.

"पन हा वर पन नाई होऊन राहिला."

"तुटत नाई न पन."

"अवो, स्टँड वर नाई झाला तर मी घरी मोहन नगरले जाऊ कशी?"

यावर तो विचारात पडला. कापगत्यांच्या घरात असा प्रश्न पूर्वी निघाला नसावा. वडील केवलराम यांनी पोलाद कारखान्यात जन्मभर रेल्वेचे रूळ तयार केले होते. वस्तू तुटता कामा नये. त्यापलीकडे तिने काही करावं ही अपेक्षा म्हणजे हाव, अशी त्या घरची शिकवण होती.

तो स्टँड पुन्हा कापत असताना रेणू एका लोखंडी स्टुलावर बसली. बसताना तिने ते सरकवून पाहिलं. तेही हललं नाही.

"इकडं काय काम होतं मॅडमचं?"

"विमान बनवून पाहिजे आहे," ती म्हणाली. सकाळपासून चार ठिकाणी हे वाक्य बोलून तिला चार वेळा पाण्याचा ग्लास मिळाला होता. इथे ग्लास आला नाही. म्हणून तिने फोटो काढला.

पुण्यात जुन्या विमानांचं एक खासगी संग्रहालय उभं राहत होतं आणि रेणू त्यांच्यासाठी कंत्राटावर संशोधन करत होती. त्यांना 'शिकरा' हवं होतं, अगदी मुळाबरहुकूम. शिकरा हे १९३६ सालचं शर्यतीचं विमान. मुंबईहून कलकत्त्याला निघालेलं, आणि त्या काळचे वैमानिक करत तसं खालचा रेल्वेमार्ग बघत बघत चाललेलं. आमगावजवळ त्याचं इंजिन बंद पडलं आणि ते धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरलं. त्यानंतर ते उडालं नाही. हे विमान नीट उभं राहिलं तर रेणूची पुण्याची नोकरी पक्की होणार होती.

फोटो एकच होता. त्यात दोन शेतकरी विमानाची शेपटी खांद्यावर घेऊन ते वळवत होते. हसत होते. नाक दिसत होतं, पंख दिसत होते, चाकं दिसत होती. फक्त शेपटीचं उभं सुकाणू जिथे असायचं तिथे बरोबर एका शेतकऱ्याचं पागोटं आलेलं होतं.

पीयूषने फोटो हातात घेतला आणि तो बराच वेळ पाहत राहिला. सांधे बघतोय, रेणूला वाटलं. मनातल्या मनात तिने त्याला पुष्कळ गुण दिले.

"कधी विमान बनवलं आहे का तुमी?"

"स्टँड तरी कुठं बनवला होता?" तो म्हणाला. "बनवू न."

---

उन्हाळा भरात असताना विमानाचा सांगाडा तयार झाला. तो बघायला केवलराम काठी टेकत आले, त्यांनी काठीने दोन टोले दिले आणि मान डोलावली. आवाज देवळातल्या घंटेसारखा आला.

"याच्यावर रेल्वेचं इंजिन ठेवलं तरी वाकत नाई," ते म्हणाले.

"बाबूजी," रेणू म्हणाली, "शेपटी उचलून पाहू का? फोटोत दोघांनं उचलली आहे."

दोघांनी उचलून पाहिली. मग चौघांनी. मग शेजारच्या तीन शटरांतले लोक आले. शेवटी हायड्रा क्रेन बोलवावी लागली, आणि क्रेनवाल्याने खाली वाकून विचारलं की हा कोणत्या पुलाचा भाग आहे.

रेणूने फोटो पीयूषच्या हातात दिला आणि त्या हसणाऱ्या दोघांवर बोट ठेवलं.

"मॅडम, हे पडलं असतं तर?" त्याने चाचरत विचारलं.

"हे उडायले बनवलं होतं. तुमी पडायले बनवलं आहे."

त्या दिवशी पीयूष डबा न खाता घरी गेला, आणि त्याच्या आईने, सिंधुताईंनी, हे प्रकरण साधं नसल्याचं ओळखलं.

दुसऱ्या दिवसापासून कापगत्यांच्या वर्कशॉपमध्ये लाकूड आलं. हथखोजमध्ये लाकूड म्हणजे चहा उकळायची वस्तू. लोक येऊन बघून जाऊ लागले. पातळ पट्ट्या वाफेवर वाकवल्या जाऊ लागल्या. पीयूष प्रत्येक पट्टी उचलून विचारी, "अजून हलकी करू?" आणि रेणू म्हणे, "कर." कधीतरी या कर-करूमध्ये 'तुमी' गळून पडलं, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. कापडावर चढवायच्या लेपाला नेलपॉलिशचा वास येत होता. कापगत्यांचा पोरगा कशाच्या धंद्यात शिरला, यावर टपरीवर दोन तट पडले.

पंखाचं कापड आतल्या फासळ्यांना शिवायचं असतं. पंख उभा धरायचा, एकाने या बाजूने सुई टोचायची, दुसऱ्याने पलीकडून ओढून परत पाठवायची. एकट्याचं ते काम नव्हे. सिंधुताईंनी आपल्या भजनी मंडळातल्या बाया पाठवायची तयारी दाखवली होती, पण पीयूष म्हणाला की बायांना त्रास कशाला.

मध्ये पांढरं कापड. पलीकडे त्याची सावली.

"सुई दे न," रेणू म्हणाली.

"देतो. घाई काय आहे?"

"पंख पुरा करायचा आहे."

"मंग?"

"मंग काय?"

"मंग तू पुण्याले जाशीन."

रेणूने कापडावर बोट ठेवलं. पलीकडून तिथेच काहीतरी टेकलं — सुई नव्हती, बोथट होतं.

"पुण्यात आपली मराठी नाई चालत म्हनतात," सावली म्हणाली. "'मले' म्हटलं की हसतात."

"हसू दे. तू कावून काळजी करून राहिला? मी जाऊन राहिली."

"त्याच्याच साठी."

सुई आली. चुकीच्या भोकातून आली, रेणूच्या बोटात शिरली, आणि ती "आई गं" म्हणाली ते जरा उशिरा म्हणाली.

---

राहिली फक्त शेपटी. पाऊस संपत आला तरी सुकाणूचा आकार सापडेना. त्यासाठी रेणू आणि पीयूष मोटरसायकलवर आमगावला जाऊन आले. म्हाताऱ्या माणसांना भेटले. कोणी म्हणे शेपटी गोल होती, कोणी म्हणे विमानच नव्हतं, साहेब होता. स्टेशनबाहेर आलूभजे खाल्ले आणि परत आले. मग पुन्हा गेले. पीयूष दर वेळी उत्साहाने निघे, दर म्हाताऱ्याला खोदून खोदून विचारी आणि काही सापडलं नाही की फार वाईट वाटल्यासारखं तोंड करी.

पुण्याहून संग्रहालयाचे प्रफुल्ल सर फोन करत. "अहो लांजेवार, अंदाजाने बसवून टाका ना शेपटी. पागोट्यामागचं कोण बघायला येणार आहे?"

"सर, संशोधन सुरू आहे," रेणू स्वच्छ पुणेरी मराठीत सांगे.

पीयूषला ती सांगे, "सर म्हनतात, खरी शेपटी पाहिजेच." आणि अंगठ्याने बोटावरचा सुईचा डाग चोळी.

शेवटी विमान पुण्याला न्यायच्या ट्रकचा दिवस ठरला. विश्वकर्मा पूजेनंतर लगेच. रेणूने अंदाजाने शेपटी काढायला घेतली, आणि तिच्या हाताने सरळ रेघ येईना.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी हथखोजमध्ये एकही मशीन चालत नाही. हत्यारं धुऊन, पुसून, त्यांना कुंकू लावून मांडलेली असतात आणि एवढी शांतता असते की लोकांना एकमेकांशी हळू बोलावं लागतं, ज्याची त्यांना सवय नसते. सिंधुताईंनी रेणूला बोलावलं होतं. रेणू साडी नेसून आली. पीयूषने तिच्याकडे पाहिलं, आणि पुसलेला पाना पुन्हा पुसायला घेतला.

ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंग मशीन यांच्या मधोमध पाटावर देव होता. शेंदराचे थर चढलेली एक मोठी फळी. कापगत्यांच्या रिसालीतल्या घरच्या देवघरातून दर वर्षी ती या दिवशी वर्कशॉपमध्ये येई. रेणूने नमस्कार केला, बुंदी तोंडात टाकली, आणि चावायची थांबली.

फळीची एक कड सरळ होती. दुसरी गोलसर. सरळ कडेला, शेंदराखाली, दोन बिजागऱ्या होत्या.

"काकू... हे काय आहे?"

"विश्वकर्मा," सिंधुताई म्हणाल्या.

"म्हंजे, आधी काय होतं?"

केवलराम खाकरले. "माह्या आजाले, लहानूले, गोऱ्या साहेबानं बक्षीस देल्लं. विमान उचललं होतं त्यानं, आमगावले. मी सांगतो तर कोनी विश्वास नाई ठेवत. पोरायले म्हटलं, तर हे पोट्टं म्हनते, बाबूजी, हे बाहेर नोका सांगू, लोकं हसतात. कवा म्हनलं? याच उन्हाळ्यात."

सगळ्यांनी पीयूषकडे पाहिलं. एरवी अशा वेळी माणूस ग्राइंडर सुरू करतो. आज ती सोय नव्हती. त्याने वेल्डिंगचा मुखवटा चढवला आणि तो खाली ओढून बसून राहिला.

रेणू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"फोटो पाहिला त्याच दिवशी ओळखलं होतं तू?"

मुखवट्याने होकारार्थी मान हलवली. "पणजोबाचा फोटो घरी भिंतीवर आहे न. तेच पागोटं."

"आनि मंग आमगावले कावून घेऊन जात होता मले?"

"शेपटी शोधायले."

"शेपटी तुह्या घरी होती."

"हाव," मुखवटा म्हणाला. "म्हनून तर तिथं सापडत नव्हती."

रेणूने मुखवटा वर केला. आत तेच डोळे होते, पण आता खाली पाहत होते.

"पहिल्या दिवशी पक्कं नव्हतं माहीत," तो हळू म्हणाला. "पक्कं झालं तवा... तवा सांगावं नाई वाटलं. शेपटी भेटली असती तर विमान पुरं झालं असतं. विमान पुरं झालं असतं तर तू गेली असती. मी सगळं आयुष्य जोडायचंच काम केलं, रेणू. सुटं करायचं मले नाई जमत."

तिला रागवायचं होतं. पण रागवायला बसलं की पुण्याचे फोन आठवत होते.

तिने फळीचा फोटो पुण्याला पाठवला, कारण संशोधन म्हणजे संशोधन. प्रफुल्ल सरांचा फोन लगेच आला. मूळ सुकाणू! तेच विमानाला बसवायचं, तेच पुण्याला आणायचं, काय वाटेल ते करा.

"देव देत नाई," केवलराम म्हणाले.

"बाबूजी, तिथं हजारो लोक पाहतील. खाली आजोबाचं नाव लिहू. लहानू कापगते, यांनी विमान उचललं."

म्हाताऱ्याने काठी भिंतीला टेकवून ठेवली. नाव लिहिणार म्हटल्यावर त्यांना आठवडाभर विचार करायला आवडलं असतं, पण ट्रक उद्या होता.

"एक अट आहे," ते म्हणाले. "दर वर्षी आजच्या दिवशी त्याची पूजा झाली पायजे. भाड्याचा भटजी नाई चालत. घरचं मानूस पायजे."

"पुन्यात आपलं कोन आहे?" सिंधुताई म्हणाल्या, आणि रेणूकडे पाहिलं. अगदी सहज पाहिलं. बुंदीची वाटी पुढे करताना पाहतात तसं.

"रेणू आहे, पन ते घरची नाई न," केवलराम म्हणाले. त्यांना गोष्ट सरळ सांगायची सवय होती.

सगळं हथखोज शांत होतं. दूर कुठेतरी एक नारळ फुटला.

"घरची व्हायले काय लागते?" रेणूने विचारलं.

"मले काय इचारते? ज्यानं शेपटी लपवली त्याले इचार."

पीयूष उठला. हात पुसले, जे स्वच्छच होते. "तू जाऊ नोको असं मी नाई म्हनत," तो म्हणाला. "जा. पन परत येत जाजो. आनि... कधी कधी मले पन घेऊन जात जाजो. मी तिथं कमी बोलीन."

"तू इथंच कमी बोलतो."

"मंग हाव म्हन न."

"एक सांगू?" रेणू म्हणाली. "सरांनी केव्हाच सांगितलं होतं, अंदाजानं शेपटी लावून टाका. उन्हाळा संपायच्या आधी."

त्याला समजायला वेळ लागला. "मंग तू कावून आमगावले येत होती?"

"तिथले भजे चांगले रायतात."

सिंधुताई हसू लपवायला देवाकडे वळल्या. केवलरामांनी कुंकवाची वाटी रेणूच्या हातात दिली आणि तिने फळीला बोट टेकवलं. मग पीयूषने ती उचलून विमानाला बिजागरीवर चढवली. बसली. ओळखीच्या जागी बसल्यासारखी बसली.

"आता उचला पाहू," केवलराम म्हणाले.

एका बाजूने तो वाकला, दुसऱ्या बाजूने पदर खोचून ती. शिकऱ्याची शेपटी वर आली आणि विमान जागच्या जागी वळलं, दाराकडे. खरं सांगायचं तर ती इतकी हलकी झाली होती की एकट्यालाही उचलता आली असती. पण फोटोत दोघं होते, हसत होते, आणि मुळाबरहुकूम म्हटलं की फोटोत आहे तसंच करावं लागतं.