एकशेचाळीसच्या पुढे

नवी गाडी घेतली की माणसाला पंख फुटतात आणि तिथेच घात होतो, असं मास्तरांचं ठाम मत होतं. त्यांनी जन्मात कधी हातात खडू धरला नव्हता. पण तीस वर्षं गॅरेज चालवताना त्यांनी शेकडो नव्या इंजिनांना वळण लावलं, म्हणून लोक मास्तर म्हणायचे. पहिले हजार किलोमीटर गाडी साठाच्या पुढे न्यायची नाही. एकाच वेगात रेटायचीही नाही. कधी तीस, कधी पन्नास, थोडा चढ, थोडा उतार. आतल्या रिंगा सिलिंडरला घासून घासून नीट बसल्या की काळजी मिटली. नाही बसल्या, तर गाडी वरून चकचकीत दिसते आणि आतून गुपचूप तेल पीत राहते. ज्यांना एवढा धीर नसायचा, ते नवी गाडी सरळ मास्तरांच्या दारात आणून लावायचे.

तेव्हा वहिनी एका सकाळी करड्या रंगाची कोरी गाडी घेऊन आल्या, यात नवल काहीच नव्हतं. गाडी त्यांच्या मुलीसाठी होती. मास्तरांच्या या पुतणीला शहराबाहेरच्या कारखान्यात नोकरी लागली होती. तिच्या रोजच्या वाटेवर तो लांबलचक चढ होता, ज्या चढावर दोन वर्षांपूर्वी तिचे वडील गेले. मास्तरांचा थोरला भाऊ, दादा.

"भाऊजी, तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देणार?" वहिनी म्हणाल्या. "तिला रोज बजावते, तेल बघत जा. बाबांसारखा हलगर्जीपणा करू नकोस."

मास्तर टायरकडे बघत राहिले. गाडीची किल्ली त्यांनी घेतली, पण वर मान करून घेतली नाही.

दादा आणि हलगर्जीपणा! आयुष्यभर प्रयोगशाळेत काम केलेला माणूस, थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणारा. रोज सकाळी तो बॉनेट उघडून तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचा. पुसायच्या आधी ती पांढऱ्या फडक्यावर आडवी दाबायचा. जेवढं तेल, तेवढी लांब खूण. मग फडक्याची चौपदरी घडी, खूण वरच्या बाजूला. मास्तर त्याची थट्टा करायचे, की गाडीचा ताप बघतोस का रे रोज. दादा हसून म्हणायचा, बघितलेलं बरं.

त्याचीही नवी गाडी मास्तरांनीच रुळवली होती. म्हणजे तसं सांगितलं होतं. खरे किलोमीटर झाले एकशेचाळीस. मग गॅरेजमध्ये कामं तुंबली, आळस नडला, आणि मास्तरांनी शेकडो गिऱ्हाइकांना जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच केलं. पुढची चाकं जॅकवर उचलली, ॲक्सिलरेटरला वीट लावली आणि दोन दिवस गाडी जागच्या जागी एकाच वेगात पळवली. मीटरवर हजार आले. दादाने किल्ली घेताना पाठीवर थाप मारली होती. तिसऱ्या दिवशी तो लांबच्या प्रवासाला निघाला. सकाळी भरलेलं तेल इंजिनाने दुपारपर्यंत पिऊन टाकलं, चढावर इंजिन जाम झालं आणि मागून ट्रक आला. इंजिनात तेलाचा थेंब नाही, असं तपासणीत निघालं. माणसाने तेल बघितलं नाही, असा सगळ्यांनी अर्थ काढला. मास्तर गप्प बसले. मेलेला माणूस थोडाच उलट बोलणार होता?

या गाडीच्या बाबतीत मात्र मास्तरांनी मनाशी पक्कं केलं होतं. एक किलोमीटरही खोटा नको. रोज सकाळी ते कालव्याच्या कडेने जुन्या वीटभट्टीपर्यंत जायचे आणि दुपारी परत यायचे. गाडी गुणी होती. पहिले दोन दिवस कसे गेले ते कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी कालव्याच्या पुलावर टुंग-टुंग वाजायला लागलं. समोर तांबडा दिवा लागला होता. बाजूच्या सीटवर कुणी बसलं आणि बेल्ट लावला नाही की तो लागतो. सीटवर काही नव्हतं. मास्तरांनी हात फिरवून पाहिला, आणि मग सहज मीटरकडे नजर गेली. एकशेचाळीस.

योगायोग, दुसरं काय. चोराच्या मनात चांदणं, असं म्हणून त्यांनी स्वतःलाच दटावलं आणि गाडी तशीच शोरूमला नेली. तिथल्या मेकॅनिकने सीटखालची वायर तपासली, संगणक जोडला, डोकं खाजवलं.

"दोष काहीच दिसत नाही, मास्तर. मोठं माणूस बसलंय, एवढंच म्हणतोय तो."

दोघंही हसले. मेकॅनिक जरा जास्त वेळ हसला.

आवाज काही थांबेना. शेवटी मास्तरांनी रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून खाचेत अडकवला. आवाज बंद झाला, दिवा मात्र तसाच राहिला. मग रोजच तसं करावं लागलं. पुलापर्यंत बेल्ट सैल लोंबायचा. पुलानंतर तो हळूहळू ताणून बसायचा, पोटावर बसावा तसा.

पाचव्या दिवशी सकाळी मास्तरांनी बॉनेट उघडलं, तर बॅटरीवर पांढरं फडकं होतं. चौपदरी घडी. वरच्या बाजूला तेलाची खूण, बोटभर लांब, हवी तेवढीच. गॅरेजची किल्ली एकट्या मास्तरांकडे असायची. त्यांनी फडकं कचऱ्यात टाकलं. सहाव्या दिवशी तिथे दुसरं होतं. खुणेवर बोट टेकवलं तर तेल अजून ओलं होतं.

मास्तर घाबरले, हे कबूल करायला हवं. पण भीतीपेक्षा त्यांना लाज जास्त वाटली. दादा त्यांना काहीच करत नव्हता. तो फक्त रोज तेल बघत होता, आणि बघितलंय हे दाखवत होता.

सातशेच्या सुमारास मास्तर त्या सीटशी बोलायला लागले. तिच्याकडे न बघता, रस्त्यावर डोळे ठेवून.

"सांगतो रे वहिनीला. हजार होऊ दे, किल्ली देताना सगळं सांगतो."

दिवा विझला. त्यानंतर तो लागला नाही, फडकंही दिसलं नाही. मास्तरांना कित्येक महिन्यांनी गाढ झोप लागली.

हजारावा किलोमीटर वहिनींच्या फाटकाशी भरला. इंजिन लोण्यासारखं चालत होतं. चढावर नेऊन पाहिलं होतं, तेल रेघभरही उतरलं नव्हतं. पुतणी गाडीभोवती दोनदा फिरली आणि काकांच्या पाया पडायला वाकली. वहिनींनी पाण्याचा पेला पुढे केला.

"वहिनी, एक सांगायचं होतं," मास्तर म्हणाले.

"बोला ना, भाऊजी."

त्या थकल्या होत्या, पण बऱ्याच दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर निवांतपणा होता. पुतणी काचेतून हसत होती. मास्तरांना वाटलं, आता कशाला? गाडी चांगली झाली, मुलगी सुखरूप जाईल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"तेल तेवढं बघत जा म्हणावं तिला," ते म्हणाले.

"तेच सांगते हो मी. त्यांनी तेवढं केलं असतं तर आज..." वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

मास्तरांनी पाणी संपवलं आणि निघाले.

गॅरेजपर्यंत ते चालत आले. दुपारचं ऊन होतं, रस्त्यावर वर्दळ होती. एका कंपनीची बंद पडलेली गाडी बघायला त्यांना त्या चढापलीकडे जायचं होतं. त्यांची स्वतःची वीस वर्षांची जुनी गाडी शटरच्या आत उभी होती. सकाळीच त्यांनी तिच्यात तेल भरलं होतं, पट्टीवरच्या वरच्या रेघेपर्यंत.

ते आत बसले. किल्ली फिरवली. इंजिन लगेच सुरू झालं.

या गाडीत कसला दिवा नव्हता, कसला आवाज नव्हता.

बाजूच्या सीटचा बेल्ट लावलेला होता. ताणून बसला होता.

डॅशबोर्डवर, त्या सीटच्या समोर, पांढरं फडकं होतं. चौपदरी घडी.

मास्तरांनी ते उचलून उजेडात धरलं. तेलाची खूण होती. एका टोकाशी, टिकलीएवढी.