‘गाळणी’चा प्रस्ताव

दारावरची घंटा वाजली तेव्हा बॅरिस्टर खुर्चीत डोळे मिटून बसले होते आणि कंपाउंडर चहात बिस्कीट बुडवीत होता. दचकल्यामुळे बिस्कीट तुटून तळाला गेले. त्याच क्षणी एक मध्यमवयीन स्त्री आत आली.

बॅरिस्टरांनी वकिलीची परीक्षा कधीही दिली नव्हती. काळ्या कोटामुळे ते नाव त्यांना चिकटले होते. कंपाउंडर मात्र खराखुरा होता. दवाखाना बंद पडल्यापासून तो ह्या खाजगी गुप्तहेराच्या सावलीसारखा वावरे, आणि सावलीप्रमाणेच एक पाऊल मागे राही.

"माझ्या आईला कोणीतरी पुसून टाकतंय," ती स्त्री म्हणाली.

कंपाउंडरच्या अंगावर काटा आला. परंतु तिने पिशवीतून काढला तो मोबाईल.

"हा इंटरनेटवरचा ज्ञानकोश. कोणीही लिहावं, कोणीही दुरुस्त करावं. ह्यात आईवर लेख आहे. रेडिओच्या नाटकांत तान्हं बाळ रडायचं ना? ती सगळी बाळं म्हणजे माझी आई."

"काय सांगता, ताई!" कंपाउंडर उद्गारला. "त्या रडण्यानं आमच्या घरी म्हातारी पाळणा हलवायला उठायची!"

"आता आईला विसर पडतो. मलाही ओळखत नाही. पण सकाळी हा लेख वाचला की चेहरा उजळतो. घटकाभर ती माझी आई असते, मला हाक मारते. लेख गेला तर ती घटकाही गेली."

"छापून द्या हातात," बॅरिस्टर डोळे न उघडता म्हणाले.

"दिला होता. म्हणाली, असं कोणीही टंकून आणेल."

तंटा असा होता. ‘गाळणी’ ह्या टोपणनावाच्या एका जुन्या सदस्याने लेख वगळण्याचा प्रस्ताव मांडला होता. कोशात कोणाला स्थान द्यावे, ह्यावर सदस्य चर्चा करतात. विषय उल्लेखनीय आहे, हे इतरत्र छापून आलेल्या मजकुरावरून दाखवावे लागते. निर्णय दुसऱ्या दिवशी व्हायचा होता.

बॅरिस्टरांनी प्रस्ताव मोठ्याने वाचला. "‘लेखविषय असलेल्या स्त्रीविषयी आदर राखून नमूद करतो की, एकही स्वतंत्र संदर्भ दिलेला नाही. तसेच रडण्याचा आवाज उशीत तोंड खुपसून काढला जाई, हे विधान चुकीचे आहे. त्यासाठी रिकामा पत्र्याचा डबा वापरत. अर्थात त्यालाही संदर्भ नाही.’ वा! शत्रू आहे, पण स्वतःच्या मुद्द्यालाही सवलत देत नाही."

"प्रस्ताव मागे घेतला तर लेख वाचेल," ती म्हणाली. "हा कोण, तेवढं शोधा. मी पाया पडेन त्याच्या."

"लेख कोणी लिहिला?"

"एका श्रोत्यानं. ते आता नाहीत. त्यांनी ध्वनिमुद्रकाला विचारून लिहिलं होतं."

प्रथम ते म्हाताऱ्या ध्वनिमुद्रकाकडे गेले. तो खोलीभर वायरी पसरून बसला होता.

"मी कशाला काढायला सांगेन? त्या लेखात माझं नाव आहे! जगात माझं नाव छापलंय ते तेवढ्या एकाच ओळीत. उशीची युक्ती माझीच. मीच आणून दिली होती."

"रडताना पाहिलंत का त्यांना?"

"छे! बाई पडदा ओढून घ्यायच्या. म्हणायच्या, बघितलंत तर बाळ हसेल."

त्यानंतर सहकारी नटी. रेडिओवर ती त्या बाळांची आई व्हायची, आणि तिच्यावर कोशात अवाक्षर नव्हते.

"जळते मी, हो, जळते!" ती उसळून म्हणाली. "बाळावर लेख आणि आईवर नाही? पण काढायचा असता तर मी तोंडावर सांगितलं असतं. टोपणनावाचे उद्योग भित्र्यांचे. आणि डबा कसला? मला तर तिनं उशीच सांगितली होती. डबा असता तर मीही नसतं का रडून पाहिलं?"

शेवटी ते तक्रार घेऊन आलेल्या मुलीच्या घरी आले. खिडकीपाशी आई टॅब्लेट मांडीवर घेऊन बसली होती. केस नीट विंचरलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"रेडिओ सुटल्यावर आई छापखान्यात मुद्रितं तपासायची," मुलगी हळू आवाजात म्हणाली. "निवृत्तीनंतर दुपारभर हेच. इंटरनेटवर लोकांचं शुद्धलेखन सुधारत बसते. तेवढाच विरंगुळा. ते मात्र विसरली नाही."

कंपाउंडरने वातावरण हलके करण्यासाठी हात जोडले. "मावशी, तुमच्यासारखी कलावंत ह्या भूमीवर दुसरी झाली नाही."

आईने चष्म्यावरून पाहिले. "कुठं छापलंय? ऐकीव गोष्टी मी नाही धरत."

कंपाउंडर खो खो हसला. बॅरिस्टर हसले नाहीत. ते मुलीला स्वयंपाकघरात घेऊन गेले.

"ताई, बसून घ्या. चोर सापडला आहे, पण हाती काही लागणार नाही."

"कोण?"

"डब्याची गोष्ट आधी पाहा. लेखात उशी, कारण ध्वनिमुद्रकानं उशी दिली. नटीही उशीच म्हणते. पडद्याआड काय घडायचं, हे पडद्याआडच्या माणसालाच ठाऊक. ‘गाळणी’ला डबा माहीत आहे. म्हणजे ‘गाळणी’ पडद्याआड होती."

मुलीने दारातून खिडकीपाशी बसलेल्या आईकडे पाहिले.

"तिथं एकच बाई होती. पुढं ‘गाळणी’ची शिस्त पाहा. स्वतःला माहीत असलेलं सत्यही छापील आधाराशिवाय ती मानत नाही. हा स्वभाव मुद्रितं तपासणाऱ्याचा. आणि आत्ताच आपण तो शब्दशः ऐकला."

"पण आई स्वतःलाच..."

"सकाळी लेख वाचून त्या स्वतःला ओळखतात. दुपारी ओळख मावळते. मग तोच लेख कोणा परक्या बाईचा म्हणून समोर येतो आणि त्या नियम लावतात. त्यात कपट नाही. काम प्रामाणिकपणे चाललं आहे."

कंपाउंडरला आपल्या हसण्याची लाज वाटली. त्याने आयुष्यभर पुड्या बांधल्या होत्या. ह्या दुखण्यावर कोणती बांधावी, हे त्याला कळेना.

"आपण सगळं शोधून काढलंत," मुलगी आशेने म्हणाली. "हेच लिहा ना तिथं! डबा, पडदा, सगळं. पुरावाच झाला की!"

बॅरिस्टरांनी प्रथमच मान खाली घातली. "माझा तर्क चालत नाही तिथं, ताई. आधी कुठंतरी छापून यावं लागतं. आणि कोणी आज छापलं, तरी उद्यापर्यंत कसं येणार?"

ती डोळे पुसून बाहेर गेली. आईच्या पायाशी बसली. टॅब्लेटवर प्रस्तावाचे पान उघडेच होते.

"आई, हा मागे घे ना. ही बाई तूच आहेस गं."

आईने लेख वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. कोणताही उजेड चेहऱ्यावर आला नाही. मग समोरचे रडवेले तोंड पाहून तिचा स्वर मऊ झाला.

"तुमची कोणी लागत होती का हो ही बाई?"

"लागत होती," मुलगी म्हणाली.

"वाईट वाटतं मला." आईने तिच्या केसांवरून हात फिरवला. "पण मग तुम्ही ह्यात मत देऊ नका हं. नातेवाइकांचं धरत नाहीत."

मुलीने ‘प्रस्ताव रद्द करा’ ह्या बटणाजवळ नेलेले बोट मागे घेतले.