पहिली लावरी

कार्तिक सरत आला की पळसदरीच्या खाली भाताची शेतं मोकळी होतात आणि उरलेल्या ओलीवर वाल वर येतो. मग धसकटांमधून लावऱ्या, तितराहून लहान पाखरं, चरायला उतरतात. चंद्राबाई लग्न होऊन या गावात आली तेव्हाही हे असंच होतं. बाकी सगळं बदललं. धरणाच्या अंगाला शनिवार-रविवारचे बंगले झाले, शेतकऱ्यांची पोरं नोकरीला लागली, तिचे गुडघे गेले.

वाघ्या त्या बंगल्यांतलाच. लांब कानांचा, पिवळट, विलायती जातीचा. मालक बंगला विकून कुत्रा फाटकाशी सोडून गेले. चंद्राबाईने त्याला घरी आणलं, तेव्हाच तो आठ-नऊ वर्षांचा होता. नाव वाघ्या, पण कोंबडी अंगावर आली तर हाच बाजूला व्हायचा.

अशा कुत्र्याला तिने या वयात पाखरं धरायला शिकवायला घेतलं, ते धाकलूसाठी.

होळीच्या सुमाराला तिच्या नवऱ्याची, धाकलूची, उजवी बाजू गेली. दवाखान्यात दोन दिवस डॉक्टर नुसती मान हलवत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याने आपण होऊन डोळे उघडले. घरी आणल्यावर अंग पुसताना चंद्राबाईला त्याच्या डाव्या घोट्यात काळा दोरा दिसला. सुनेने, नम्रताने, दृष्ट लागू नये म्हणून बांधला असेल असं समजून तिने तो राहू दिला.

उन्हाळा गेला, पाऊस गेला, आणि दिवाळीनंतर त्याने अन्न टाकलं. भरवलेली पेज तो ओठाच्या कडेने सोडून द्यायचा. आठ दिवसांत एकदाच बोलला. लावरीचा रस्सा मागितला.

पाखरं धरायला बंदी येऊन कैक वर्षं झाली होती. बंदी आली तेव्हाच धाकलूने जाळं गुंडाळून माळ्यावर टाकलं होतं, आणि त्याचं चौथं कुत्रं मेल्यावर पुन्हा शिकारीचं पाळलं नव्हतं. चंद्राबाईला सगळं ठाऊक होतं. तरी ती कंबरेला विळा खोचून, गवताला निघाल्यासारखी, सकाळी वाघ्याला घेऊन शेतावर जाऊ लागली.

शिकवायची रीत तिने चार कुत्र्यांच्या वेळी पाहिली होती. जुन्या मोज्यात सावरीचा कापूस भरायचा, वरून पिसं शिवायची आणि आत करवंदीचे काटे ठेवायचे. जोरात चावलं की टोचतं, मग कुत्रं तोंड मऊ ठेवायला शिकतं. धाकलू शिट्टी मारायचा, दोन लांब, एक आखूड. ही शिट्टी एकदा झाली की कुत्र्याने पाखरू धरून जागेवर थांबायचं. तीच दुसऱ्यांदा झाली की आणायचं. चंद्राबाईला शिट्टी येत नव्हती. ती ‘धर रं’ आणि ‘आण रं’ म्हणायची.

पहिले तीन दिवस अंगणातच शिकवणं चाललं, आणि वाघ्याने नुसता मोजा हुंगला आणि शेजारी बसून राहिला. तीच उठायची, तीच मोजा आणायची.

"आई, तुमी त्याला शिकवताय का त्यो तुमाला?" नम्रता ओट्यावरून म्हणाली.

चौथ्या दिवशी शेतावर वाघ्या लांबच्या बांधापर्यंत गेला. चंद्राबाई दम खात उभी होती, तिने अजून हाक दिली नव्हती. तरी त्याने मोजा उचलला, तसाच थांबला, कान वर केले आणि थोड्या वेळाने चालत येऊन तिच्या पायाशी ठेवला. मोज्याला दाताची खूण नव्हती. आपल्याला मागून शिट्टी ऐकू आली, असं तिला वाटलं. ओढ्यात शीळ घालणारं पाखरू असतं, तेच असेल म्हणून ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी त्याने लावरी आणली. जिवंत, गरम, एक पीस न दुखावलेली.

लावरीच्या पायात काळा दोरा होता.

धाकलूचा एक नेम होता. नव्या कुत्र्याने धरलेली पहिली लावरी कधी मारायची नाही. तो आपल्या कंबरेच्या काळ्या करगोट्यातून एक पदर ओढायचा, तिच्या पायाला बांधायचा आणि सोडून द्यायचा. तीन गाठी, तिसरी उलटी. म्हणायचा, "पयली रानाची. आपण सोडलेलं आपण परत धरायचं नाय. रान पण मग त्यानं सोडलेलं परत धरत नाय."

चंद्राबाईने दोरा पाहिला. धरणावर गळ टाकणाऱ्यांचा असेल, ती म्हणाली, मोठ्याने, जवळ कोणी नसताना. खरं तर तिला दोऱ्याचा विचारच करायचा नव्हता. हीच वाघ्याची पहिली, तेव्हा दोरा नसता तरी ती सोडायलाच हवी होती, पण घरी माणूस इतके दिवस उपाशी होता. हा म्हातारा कुत्रा दुसरी आणेल न आणेल. तिने घरी येऊन विळीवर दोरा कापला आणि चुलीत टाकला.

धाकलू वाटीभर रस्सा प्यायला. पिऊन झाल्यावर डोळे उघडे ठेवून पडून राहिला.

"चंद्रे, पयली सोडलीस ना गं?"

"सोडली," ती म्हणाली.

त्यानंतर तीन सकाळी वाघ्याने रोज एकेक लावरी आणली. प्रत्येकीच्या पायात दोरा होता. आता तिने गाठी मोजल्या. हे दोरे तिने जाळले नाहीत, हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवले. चार कुत्री, चार लावऱ्या. पहिली सोडली तेव्हा नवनाथ, तिचा मुलगा, पाळण्यात होता, आणि आता त्याच्या डोक्यात पांढरे केस होते. इतकी वर्षं लावरी जगत नाही, हे तिला कळत होतं. पण धाकलू उशीला टेकून बसू लागला होता. पेजही खात होता. तिने पाखरं रांधली आणि त्याला काही सांगितलं नाही.

पाचव्या सकाळी वाघ्या शेतावर यायला उठेना. खाटेच्या पायथ्याशी, धाकलूकडे तोंड करून पडून राहिला.

तिला सुटल्यासारखं वाटलं. आता पुरे, ती म्हणाली. ऊन खिडकीतून खाटेवर आलं होतं. तिने गरम पाणी आणलं आणि धाकलूचे पाय परातीत घेऊन धुवायला बसली. घोट्यातला दोरा भिजून फुगला. त्याच्यावरून तिचा अंगठा फिरला.

एक गाठ. दुसरी. तिसरी उलटी.

धाकलूचा उजवा हात होळीपासून उचलला गेला नव्हता. आणि ही गाठ दुसऱ्या कोणाला येत नव्हती.

"नम्रता, ह्यो दोरा तू कदी बांधलास गं?"

नम्रता पीठ मळता मळता दारात आली. "मी? मला वाटलं तुमीच बांधला. दवाखान्यातून आणलं तवाच व्हता की पायात."

चंद्राबाईने हात पाण्यातून काढला नाही.

तिला दवाखान्यातली ती तिसऱ्या दिवसाची पहाट आठवली. कोणी काही न करता उघडलेले डोळे.

वालाच्या शेताकडून शिट्टी आली. दोन लांब, एक आखूड.

नम्रताने मागे वळून पाहिलं. धाकलूने मान वळवली, शिट्टीच्या बाजूला, सावकाश.

वाघ्या उठला. खाटेशी गेला आणि त्याने धाकलूचं मनगट तोंडात धरलं. अगदी अलगद, कुठे दात न लागू देता.

मग तो तिथेच थांबला, कान वर करून, शिकवल्याप्रमाणे, दुसऱ्या शिट्टीसाठी.