एका ठोक्याला पाणी

दिवे गेलेत तोवर सांगते, विमले. भरदुपारची गोष्ट आहे, तेव्हा अंधाराला उगीच दोष देऊ नकोस.

जयनगरात तेव्हा नुकते प्लॉट आखत होते, म्हणजे बघ किती वर्षं झाली. मी इस्पितळात बाळंतिणींच्या वॉर्डात आया होते आणि तुझे आजोबा तिथल्याच ड्रेनेजच्या लायनी साफ करायचे. लोक त्यांना यल्लाप्पा म्हणत. मी काही त्यांचं नाव घेत नसे, आणि त्यांनीही माझं उभ्या जन्मात घेतलं नाही. ‘अगं ए’ म्हटलं की मी वळायची.

इमारत दगडी, उंच. तळाशी विटांचा बोगदा, माणूस रांगत जाईल एवढा. सगळ्या मजल्यांची घाण त्यात उतरायची. बोळा अडकला की एकानं आत शिरून तो बांबूच्या कामट्यांनी फोडायचा. मग वरच्या मजल्यावरचं लोखंडी चाक फिरवून गच्चीच्या टाकीतलं पाणी एकदम सोडायचं, म्हणजे सगळं वाहून जाई. माणूस आत असेतोवर चाकाला तांबडं फडकं बांधलेलं. त्यानं बाहेर येऊन पाइपावर हातोडीचा एक ठोका दिला, की वरच्यानं, बहुतेकदा मीच, फडकं सोडून चाक फिरवायचं. दोन ठोके म्हणजे थांब. ही रीत मल्हाररावांनी घालून दिली होती. लायनीवरचे सगळ्यांत जुने, आम्ही त्यांना मल्हारअण्णा म्हणायचो.

त्याच मल्हारअण्णांच्या अंगावर आदल्या वर्षी मी पाणी सोडलं होतं.

एक ठोका आला होता. मी स्वतः ऐकला होता. फडकं सोडलं, चाक फिरवलं. अण्णा अजून आतच होते. साहेबांनी लिहिलं, अपघात. लोक म्हणाले, बाईला मोजता येत नाही. मला अक्षर येत नाही गं, पण एक म्हणजे किती ते येतं.

तर त्या दुपारी खालच्या वॉर्डाच्या मोरीतून काळं पाणी उलटं चढायला लागलं. अठरा बाळंतिणी, आणि पडद्याआड एक अडलेली बाई. ह्यांनी मागच्या अंगणातल्या चेंबरचं झाकण काढलं, दोरीनं कंदील आत सोडला. विझला नाही. म्हणजे आतली हवा बरी होती.

“चाकाशी कोण उभं राहणार?” मी विचारलं.

“तूच.”

“माझ्यावर भरवसा आहे?”

“अगं ए, नऊ वर्षं तुझ्या हातचा सारूभात खातोय. अजून जिवंत आहे ना?” हसले, आणि उतरले.

मी वर मोरीच्या खोलीत गेले. चाकाला फडकं बांधलं, गाठीवर गाठ, अशा दोन. दोन्ही तळवे त्यांवर दाबून उभी राहिले. तिथं खिडकी नव्हती. फिनेलचा वास, गंजक्या लोखंडाचा वास, आणि कानाशी तो जाड काळा पाइप, खालपासून वरपर्यंत गेलेला.

बऱ्याच वेळानं पाइप वाजला.

ठण्ण.

एकच.

मी हात हलवला नाही. छाती मात्र अशी धडधडत होती, की दुसरा ठोका त्यात बुडाला की काय असं वाटावं. पण दुसरा आलाच नाही.

सिस्टर वसुमती धापा टाकत दारात आली. आपल्यातलीच मुलगी. पांढरी साडी घोट्यापाशी काळी झालेली.

“गोदूबाई, ठोका झाला ना? मी जिन्यात ऐकला.”

“झाला.”

“मग सोडा की! पाणी खाटांखाली आलंय. पडद्याआडच्या बाईपाशी उभं राहायला कोरडी जागा नाही.”

“स्वल्प थांबा. ते वर येतील, माझ्यासमोर उभे राहतील, मग सोडीन.”

“रीत तुमचीच ना? एक ठोका म्हणजे पाणी!”

“होती.”

“आणि तोवर एखादं मूल दगावलं तर?”

“त्या बाईला उचलून व्हरांड्यात न्या, अक्का. चाक फिरणार नाही.”

तिनं हात पुढं केला. मी खांदा आडवा घातला. ती मला नको ते बोलली आणि निघून गेली. तिचं चुकलं नव्हतं.

ठण्ण.

पुन्हा एकच. पण आता तळातून नव्हता. एक मजला वर आला होता. मग त्याच्याही वर... मग पाइप माझ्या गालाशी थरथरला, इतका जवळ. सडक्या फुलांसारखा वास सुटला. आणि आतून, तोंडात पाणी धरून बोलावं तसा, ह्यांचाच आवाज आला.

“गोदू... मी बाहेर आलोय... सोड...”

खरं सांगते, तिथंच माझे पाय घट्ट झाले.

“माझा नवरा माझं नाव घेत नाही,” मी पाइपाला मोठ्यानं सांगितलं. “तू कुणीही अस. ह्या फेरीला मिळायचं नाही.”

आत काहीतरी थबकलं. कुणी कान देऊन ऐकावं तसं... मग सगळं गप्प.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. जिन्यावर ओली पावलं वाजली. मी वळून बघितलं नाही.

“अगं ए.”

तेव्हा बघितलं. छातीपर्यंत चिखल, हातात पट्ट्यांचा आणि कापसाचा हा एवढा बोळा.

“पाय अडकला होता ह्यात,” ते म्हणाले. “आत्ता सुटला. पाणी आलं असतं तर...”

“ठोका का दिलात मग?”

“कशानं देणार? हातोडी उतरतानाच चिखलात गेली. म्हणून तर सांगायला जिने चढून आलो.”

मी पाइपाकडे बोट केलं.

“मल्हारअण्णा असतील,” ते हळूच म्हणाले. “जीव घुटमळत असेल त्यांचा.”

अण्णा नव्हेत ते. आदल्या वर्षी तो एक ठोका आला, तेव्हा मल्हारअण्णा आत जिवंत होते.

मग पाणी सोडलं. लाइन मोकळी झाली, वॉर्डातलं पाणी उतरलं, त्या बाईला व्हरांड्यातच मुलगी झाली. वसुमती नंतर माझ्याशी चार दिवस बोलली नाही, पाचव्या दिवशी बोलली. त्या दिवसापासून आमच्यात ठोका बंद. तोंड बघितल्याशिवाय चाक फिरवायचं नाही, ही रीत माझी. मी काम सोडीपर्यंत त्या लायनीत एकही माणूस दगावला नाही.

फक्त एक गोष्ट मी ह्यांना शेवटपर्यंत सांगितली नाही. फडकं सोडायला म्हणून तळवे उचलले, तर गाठ एकच होती. वरची, माझ्या तळव्यांखालीच, सुटलेली. फडक्याची दोन्ही टोकं चिंब भिजलेली, काळी.

आणि माझे हात कोरडे होते, विमले.