साठ की नव्वद

धनंजयच्या हातातून पाना सटकला, जेटीच्या फळीवर टणकन आपटला आणि थेट खाडीत.

"आवशीचो घो!" तो ओरडला.

मागून कुणीतरी खुदकन हसलं. वळून बघतो तर एक मुलगी. ऑफिसचे सँडल हातात, पाय अनवाणी, केस सारखे डोळ्यांवर येतायत...

"मालवण?" तिने विचारलं.

"देवगड. तुम्हाला कसं कळलं?"

"माझी आजी चिडली की हेच म्हणायची. बरं, अकरमभाईंच्या वर्कशॉपमधला इंजिनवाला मुलगा कुठे भेटेल?"

"भेटला की."

ती मैथिली. अबुधाबीहून, अल रीम आयलंडवरून, दीड तास गाडी हाणत शारजाला आली होती. तिच्या बाबांनी, दत्तप्रसादांनी, रिटायर झाल्या झाल्या एक जुनी बोट घेतली होती. एकवीस फुटी, पुढे छोटीशी केबिन. ती कालच ओढून आणून याच जेटीला बांधली होती. इंजिन मात्र नव्हतं.

"बाबा म्हणतात साठ हॉर्सपॉवर बास. त्यांचे मित्र म्हणतात दीडशे लाव, उडेल. मी एचआरमध्ये आहे हो, मला दोन्ही आकडे सारखेच. तुम्ही खरं सांगा."

"खरं सांगितलं तर अकरमभाई ओरडतील. त्यांना मोठं इंजिन विकायला आवडतं." त्याने बोटीच्या मागच्या पाटीवर बोट ठेवलं. "हे बघा, एकशे पंधराच्या वर नको असं बनवणाऱ्यानेच लिहिलंय. मागे जास्त वजन टांगलं की बोट ढुंगणावर बसते."

बोलला आणि जीभ चावली. ती आणखीच हसली.

धनंजय कुठल्या कॉलेजात शिकला नव्हता. बंद पडलेली इंजिनं उघडायची, व्हिडिओ बघायचे, चुकायचं, परत उघडायचं... सात वर्षं हेच. पण त्याची स्वतःची एक पद्धत होती. ट्रायलला तो रिकामी बोट कधी न्यायचा नाही. जी माणसं पुढे बसणार, त्यांच्या वजनाचं पाणी चढवायचा. माणशी साधारण वीस लिटरचे चार कॅन. रिकाम्या बोटीत सगळीच इंजिनं हुशार, असं म्हणायचा.

"किती जण बसणार? वजनं सांगा."

"मुलींना असं सरळ विचारता?"

"विचारतो. आणि सांगतील त्यात पाच मिळवतो."

"आई, बाबा, बाबांचे दोन मित्र, आणि मी... बावन्न."

त्याने वहीत सत्तावन्न लिहिलं.

"अहो!"

पुढच्या शनिवारी सकाळी ट्रायल. खाडी तेलासारखी गुळगुळीत. वर्कशॉपचं ट्रायलचं साठचं इंजिन लावलं, मैथिली त्याच्यासमोर केबिनच्या दाराशी बसली. त्याने थ्रॉटल उघडला तशी बोट नाक वर करून क्षणभर थबकली आणि मग सपाट होऊन पळत सुटली. वाऱ्याने तिचे केस तोंडात, ती हसतेय, काहीतरी ओरडतेय, इंजिनाच्या आवाजात ऐकूच येत नाहीये...

"साठ पुरे!" धनंजय म्हणाला.

"बाबा जिंकले!" तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून दिला. तिचाच उष्टा. शारजाच्या रोल्ला भागातल्या सहा जणांच्या खोलीत तो आठवडाभर तो चहा आठवत राहिला.

गुरुवारी नवं कोरं साठ ट्रॉलीवर आलं. शनिवारी बसवायचं, आणि त्याच दुपारी साधनाताई, म्हणजे मैथिलीची आई, जन्मात पहिल्यांदा बोटीत बसणार होत्या. धनंजय फडकं आणायला कोपऱ्यात गेला. तिथे, ते दोघं बोटीत धरून उरलेल्या तिघांचे, बारा कॅन रांगेत उभे. कोरडे. वर महिन्याभराची धूळ.

ट्रायलला त्याने कॅन भरलेच नव्हते!

पाच माणसं, भरलेली टाकी, बर्फाची पेटी. दुपारचा वारा सुटला की साठवर बोटीचं नाक खाली येणारच नाही. पुढचं दिसणार नाही, बोट पाणी नांगरत राहणार.

नव्वद लागेल, असं त्याने अकरमभाईंना सांगितलं. ते म्हणाले, "हबीबी, चुप रह. कस्टमर खुश, खलास. अब नब्बे बोलेगा तो लडकी समझेगी, माल चिपका रहा है."

खरंच होतं ते. तिचा भरवसा होता तोच मुळी यावर, की हा मुलगा आपल्याला काही खपवत नाही. धनंजयने तीनदा मेसेज लिहिला, तीनदा पुसला. शेवटी फोनच लावला.

"मॅडम, साठ नको. नव्वद लागेल."

पलीकडून बारीक आवाजात, "अकरमभाईंनी सांगायला लावलं?"

"नाही. चूक माझी. मी कॅन चढवलेच नाहीत."

"सात वर्षांत कॅन एकदाही विसरला नाहीत म्हणालात. मग त्याच दिवशी कसं?"

घाई होती म्हणता आलं असतं. पण खोटं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"तुम्ही समोर बसला होतात," तो म्हणाला. "मी इंजिनाचा मीटर बघायला हवा होता... बघितलाच नाही. वजन, बिजन, काहीच आठवलं नाही. राग आला असेल तर दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर देतो, चांगला माणूस आहे. पण साठवर आईंना घेऊन जाऊ नका."

फोन कट झाला. नंतर आला नाही.

शनिवारी पांढरी गाडी थांबली. दत्तप्रसाद बाह्या सरसावतच उतरले, त्यांच्या मागून मैथिली.

"कुठे आहेत ते कॅन? चला, भरायला घ्या. चूक स्वतःहून कबूल करणारा इंजिनिअर मी तीस वर्षांत दुसराच बघतोय."

"पहिला कोण, काका?"

"मी!"

बाबा स्वतःच बोटीत, म्हणून बारातले आठच कॅन चढले. मैथिली मात्र केबिनमध्ये शिरली आणि दार लावून घेतलं. "मीटरकडे बघा," एवढंच आतून ऐकू आलं. चिडलीय की हसतेय, कळेना.

साठवर नाक वर गेलं ते गेलंच. पुढचं दिसेना म्हणून दत्तप्रसाद उभे राहिले, मग मुकाट्याने खाली बसले. किनाऱ्यावर येऊन इंजिन बदलायला दोन तास गेले. नव्वदवर तीच भरलेली बोट अलगद उचलली गेली, सपाट झाली, सुखाने पळाली.

जेटीला दोर बांधला. दत्तप्रसाद अकरमभाईंकडे कागद करायला गेले. मग केबिनचं दार उघडलं.

"नव्वद पक्कं, धनंजय?"

"पक्कं, मॅडम."

"मैथिली. मीटर नीट बघितलात?"

"दोनदा."

"आता काही काम नाही ना?"

"नाही..."

ती त्याच्यासमोर, दाराशी येऊन बसली. केसांची क्लिप काढली आणि मांडीवर ठेवली.

"मग बघा आता," ती म्हणाली.