एकशे बारा अक्षरं

खरं प्रेम कधी संपत नाही. हे वाक्य ‘टेकडीवरची तीन वर्षं’ या खेळाच्या डब्यावर मागच्या बाजूला सोनेरी शाईत छापलेलं होतं. ते आणि खेळातले संवाद लिहिणाऱ्या त्सुकुदाचा त्या वर्षी दुसरा घटस्फोट चालू होता, आणि डब्यावर दोन बोटं जागा उरली म्हणून ते टाकलं, हे त्यानंच नंतर चार लोकांत सांगितलं होतं.

खेळ तसा सरळ होता. खेळणारा मुलगा हायस्कुलात दाखल होतो. तीन वर्षं अभ्यास, व्यायाम, चित्रकला करून आपले आकडे वाढवतो, रविवारी कुणा ना कुणा मुलीला फिरायला नेतो, आणि सगळं जमून आलं तर निरोपसमारंभाच्या दिवशी शाळेमागच्या टेकडीवर एक मुलगी येऊन त्याला मनातलं सांगते. नाही जमलं तर तो एकटा घरी जातो. असे खेळ त्या काळी जपानात ढिगानं निघत. या खेळात वेगळं एवढंच होतं, की त्यातली मुख्य मुलगी, मियोरी, खेळणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नावानं हाक मारी. नाव काहीही असो. तिन्ही वर्षं आडनावानं, आणि अगदी शेवटी, टेकडीवर, एकदाच पहिल्या नावानं.

त्यासाठी मियोरीला आवाज देणाऱ्या मुलीला एकशे बारा अक्षरं सुटी सुटी बोलावी लागली. प्रत्येक अक्षर तीन सुरांत, नावाच्या आरंभी येईल तसं, मधे येईल तसं आणि शेवटी येईल तसं. अकरा दिवस लागले. ती अक्षरं कापून, साफ करून एकमेकांना जोडण्याचे नियम बसवायचं काम मिनोबे कियोताका या सत्तावीस वर्षांच्या ध्वनितंत्रज्ञाकडे होतं. अकरा दिवस काचेपलीकडच्या मुलीला ‘का, कि, कु’ म्हणताना ऐकल्यावर माणूस एक तर नोकरी सोडतो किंवा लग्न करतो. मिनोबेनं तीन वर्षांनी दोन्ही केलं. खेळ बेताचाच खपला होता आणि कंपनी बुडाली होती, त्यामुळे नोकरी सोडण्यात फार धाडस नव्हतं.

मुलीचं नाव मिसाओ. तिला पुढे मोठं काम मिळालं नाही. एका सुपरमार्केटच्या मासळी विभागात दर अर्ध्या तासानं ‘आजचा ताजा बांगडा’ असं सांगणारा आवाज बरीच वर्षं तिचा होता. मिनोबे साकाई शहरातल्या एका दुकानात म्हाताऱ्या माणसांची श्रवणयंत्रं जुळवून देऊ लागला. दोघं गृहसंकुलात चौथ्या मजल्यावर राहिली. मूलबाळ झालं नाही, भांडणंही फारशी झाली नाहीत. ती त्याला स्टुडिओत म्हणायची तसं शेवटपर्यंत, आडनावाला आदराचा ‘सान’ लावून, ‘मिनोबे-सान’ म्हणत राहिली. स्वतःचंही आडनाव मिनोबे झालं तरी. नवऱ्याला नावानं हाक मारायची पद्धत आजूबाजूच्या कुठल्याच घरात नव्हती, तेव्हा त्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही.

मग तिच्या घशात गाठ निघाली. स्वरयंत्र काढावं लागणार होतं. इस्पितळातल्या बाईंनी सुचवलं की शस्त्रक्रियेच्या आधी आवाज नोंदवून ठेवा, नंतर बरं वाटतं. मिसाओ हसली. म्हणाली, “दिलाय की एकदा. एकशे बारा अक्षरं. आठवण आली तर खेळा तुम्ही.”

मिनोबे “बरं” म्हणाला. कुणी येताना टोफू आणा म्हटल्यावर म्हणावं तसं.

पुढची दोन वर्षं ती एका पांढऱ्या पाटीवर लिहून बोलली. बोलणं म्हणजे गॅस बंद केला का, छत्री घ्या, असलंच. शेवटच्या आठवड्यात मात्र तिनं लिहिलं, ‘एकदा नावानं हाक मारून बघणार होते. लाज वाटली.’ मिनोबेनं ते वाचलं, आणि पाटी पुसून तिच्या हातात परत दिली.

तिचं वर्षश्राद्ध झालं, त्यानंतरच्या बुधवारी त्यानं माळ्यावरून जुना खेळ आणि यंत्र काढलं. बुधवारी दुकान बंद असे. आधी त्यानं संगणकावर खेळाच्या तबकडीतून नेमकी चार अक्षरं काढून जोडून पाहिली. कि, यो, ता, का. रेल्वे फलाटावरची सूचना वाटली. अक्षरांना एकमेकांत मुरवायचे नियम त्यानं स्वतःच खेळाच्या आत बसवले होते, आणि आता ते बाहेर काढण्याची सोय नव्हती. तिच्या तोंडून आपलं नाव ऐकायचं तर खेळातली तीन वर्षं काढावी लागणार होती. सत्तावन्नाव्या वर्षी तो पुन्हा हायस्कुलात दाखल झाला.

आकडे त्याला पाठ होते. मियोरी ही चोखंदळ मुलगी. सगळे आकडे वरच्या घरात गेल्याशिवाय ती टेकडीवर येत नाही. रविवारी फिरायला गेलं की आठवडा वाया जातो. म्हणून जाणकार खेळाडू पहिली दोन वर्षं तिला भेटतच नाही, नुसता राबतो. मिनोबे जाणकार होता. एप्रिलपासून त्यानं अभ्यासाचं बटण दाबायला घेतलं. एक दाब म्हणजे एक आठवडा.

शाळेच्या फाटकाशी मियोरी पहिल्यांदा भेटली. बावीस वर्षांच्या मिसाओचा आवाज, स्वच्छ, थोडा लाडिक. मिनोबेला घोटभर चहा प्यावा लागला. मग त्याच्या लक्षात आलं की ती ‘मिनोबे-सान’ म्हणाली. शाळकरी मुली वर्गातल्या मुलाला ‘कुन’ म्हणतात, आणि त्यानं ‘कुन’च बसवलं होतं. ‘सान’ मोठ्या माणसांसाठी होतं. आपलीच चूक असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. सत्तावीस वर्षांचा माणूस चुका करतोच.

दोन बुधवार काहीच झालं नाही. बाहेर रॉकेलवाल्याची गाडी आपलं गाणं वाजवत संकुलाला फेरी मारून जाई. देव्हाऱ्यातल्या मिसाओच्या फोटोसमोर त्यानं सकाळी ठेवलेल्या भाताची वाफ निवत असे.

खेळातल्या दुसऱ्या वर्षीच्या हेमंतात मियोरीचा फोन आला. रविवारी मोकळा आहेस का, असं ती विचारणार होती. विचारण्याआधी ती खाकरली.

मिनोबेनं बटणावरचं बोट काढलं. मिसाओला बोलण्याआधी खाकरायची सवय होती. अकरा दिवसांत ती किती वेळा खाकरली असेल त्याला गणती नव्हती. प्रत्येक खाकरणं त्यानं स्वतः कापून काढलं होतं, आणि त्या फिती तेव्हाच पुसून पुन्हा वापरल्या होत्या. त्यानं तबकडी संगणकात घालून सगळा आवाज डोळ्यांखालून घातला. खाकरणं कुठेही नव्हतं. तबकडी एकदा छापली की छापली. तिच्यावर नवं काही उमटत नाही. खेळातला तो फोन त्यानं पुन्हा लावून ऐकला. ती पुन्हा खाकरली, यावेळी जरा जास्त.

रविवारी मोकळा नाही, हे उत्तर त्यानं निवडलं. आकडे अजून कमी होते.

खेळातल्या हिवाळ्यात आवाज घोगरा झाला. मिनोबेनं दुकानात जाऊन, गिऱ्हाइकं नसताना, स्वतःच्या कानांची तपासणी करून घेतली. उजवा उत्तम. डावा वरच्या पट्टीत किंचित मंद, वयाला साजेसा. आवाज घोगराच होता. मिसाओचाही असाच झाला होता, आणि दोघांनी मिळून दोन महिने त्याला सर्दी म्हटलं होतं.

तिसऱ्या वर्षाच्या एप्रिलमध्ये मियोरी चेरीच्या झाडाखाली उभी राहिली, तिचे ओठ हलले, आणि काहीही ऐकू आलं नाही. खालच्या चौकटीत अक्षरं उमटली. ‘जाड मोजे वरच्या खणात आहेत, मागच्या बाजूला.’

मिनोबे उठला. वरचा खण त्यानं दोन हिवाळे उघडला नव्हता, त्यात तिच्या वस्तू होत्या. मागच्या बाजूला करड्या लोकरीचे पुरुषी मोजे होते. किमतीची चिठ्ठीही काढलेली नव्हती.

त्यानं मोजे घातले आणि त्सुकुदाला फोन लावला. त्सुकुदा आता एकटाच राहत होता आणि ज्येष्ठांच्या मंडळात लिखाणाचे वर्ग घेत होता. मिनोबेनं शक्य तितक्या सहज विचारलं, की मियोरीच्या तोंडी मोज्यांबद्दल काही लिहिलं होतंस का.

“मोजे?” त्सुकुदा म्हणाला. “अरे, प्रेमाच्या खेळात मोजे कोण लिहील? तेवढी अक्कल मला असती तर पहिली बायको टिकली असती.” मग त्याचा आवाज जरा उतरला. “मिनोबे, जेवतोयस ना नीट?”

मिनोबेनं जेवतोय म्हणून सांगितलं. त्सुकुदा म्हणाला, आपलीही प्रत कुठेतरी पडली आहे, लावून बघतो, मंडळातल्या म्हाताऱ्यांच्या कविता तपासण्यापेक्षा बरं.

त्यानंतर मियोरी भेटे तेव्हा मूकच असे. चौकटीत एखादी ओळ येई. ‘छत्री न्या.’ ‘काल खोकत होतात.’ शाळकरी मुलगी त्याला ‘तुम्ही’ म्हणत होती, आणि काल तो खरंच खोकत होता. मिनोबेनं आता रविवार तिला द्यायला सुरुवात केली. तिला मत्स्यालयात नेलं, नदीकाठी नेलं. आकडे घसरू लागले तसा त्याचा जीव खालीवर झाला, कारण आकडे पुरले नाहीत तर ती टेकडीवर येणार नव्हती. म्हणून एक रविवार तिला आणि तीन अभ्यासाला, असं त्यानं ठरवलं. एकत्र असतानाही त्यांचं गणित साधारण असंच होतं.

तिसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तो थांबला.

एक दाब, की निरोपसमारंभ. त्यानंतर खेळ संपतो. न दाबलं तर ती तिथेच राहणार होती, शाळेच्या गच्चीवर, केस उजवीकडे उडालेले. आकडे काठावर होते. मिनोबेनं यंत्र चालूच ठेवलं. दुकानातून आला की तिच्यासमोर बसून तो जेवे. यंत्राचा पंखा घरघरत असे. असे नऊ दिवस गेले.

दहाव्या दिवशी, बुधवारी दुपारी, कुठलंही बटण न दाबता चौकट उघडली.

‘इथे थंडी आहे. पुढे न्या.’

मिनोबेनं यंत्र टेबलावरून उचलून हीटरजवळ ठेवलं. मग ते किती मूर्खपणाचं आहे ते कळून परत जागेवर ठेवलं.

‘पुढे न्या, मिनोबे-सान.’

त्यानं दाबलं.

टेकडी आली. जिन्याच्या पायऱ्या, वारा, शेवटची धून. ती धून त्यानंच निवडली होती.

बराच वेळ कुणी आलं नाही. आकडे पुरले नाहीत, असं त्याला वाटलं.

मग ती पायऱ्या चढून आली.

मिनोबेनं आवाज शेवटपर्यंत वाढवला, दुकानातून आणलेलं श्रवणयंत्र काढून डाव्या कानात घातलं.

तिचे ओठ चार वेळा हलले.

चौकट उघडली होती. तिच्यात काही नव्हतं.

पंखा घरघरत होता. एवढ्या मोठ्या आवाजात तो खाकरल्यासारखा वाटत होता, पण तो पंखाच होता.

पडदा पांढरा झाला आणि नावांची यादी वर सरकू लागली. मियोरीचा आवाज, मिसाओचं माहेरचं नाव. ध्वनिसंकलन, मिनोबे कियोताका. यादी संपल्यावर त्यानं यंत्र बंद केलं, तारा गुंडाळल्या आणि देव्हाऱ्यातला सकाळचा भात काढून खाल्ला.

शनिवारी तो दुकानात असताना त्सुकुदाचा फोन आला. कुणा आजोबांच्या कानाचं माप घ्यायचं चाललं होतं, म्हणून मिनोबेनं पाच मिनिटांनी उलट फोन केला.

त्सुकुदानं खेळ पूर्ण केला होता. आकड्यांचं त्याला कधीच कळलं नव्हतं, लिहीत असतानाही नाही. त्यामुळे तो तिला दर रविवारी फिरायला नेत राहिला. एकट्या मत्स्यालयात चौदा वेळा. अभ्यासात नापास झाला. अशा मुलाकडे मियोरी ढुंकूनही बघणार नाही, असं खेळात बसवलेलं होतं.

“आली की,” त्सुकुदा म्हणाला. “धावत आली टेकडीवर. पण तुझं काहीतरी चुकलंय बघ. मी माझं नाव घातलं होतं, गेनइची. ती म्हणाली, कियोताका.”

आजोबा आपल्या कानाकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होते.

“दोनदा म्हणाली,” त्सुकुदा म्हणाला. “आवाज जरा बसलेला होता. पण गोड म्हणाली रे. जरा लाजून.”

ती तबकडी आणि यंत्र कुठे आहे, असं मिनोबेनं विचारलं.

त्सुकुदाला थोडं अवघडल्यासारखं झालं. आपलं नाव घातलेलं असताना दुसऱ्या पुरुषाचं नाव घेणारी वस्तू एकट्या माणसानं घरात ठेवावी, हे त्याला बरं वाटलं नव्हतं. देवळात नेऊन द्यावी म्हटलं, तर तिथे शांती करून जाळायला फक्त बाहुल्या घेतात, आणि त्याही वर्षाखेरीला. म्हणून सगळं एका पिशवीत घालून त्यानं आदल्या दिवशी सकाळी खाली कचऱ्याच्या जागी ठेवून दिलं.

त्सुकुदाच्या भागात न जळणारा कचरा महिन्यातून एकदा नेतात, दुसऱ्या शुक्रवारी, सकाळी आठच्या आत.