विरोधातला एकच हात

मोठे मिस्त्री काही केल्या बसेनात.

"सगळी नोकरी प्रेसमशीनपाशी गेली. आता लोक मला दगाबाज म्हणतात," ते म्हणाले. "हा डाग पुसा, मग बसतो."

खासगी तपासाच्या त्या कचेरीत ताई आणि त्यांचा धाकटा भाऊ बापू, दोघंच. डोकं ताईंचं, चहा बापूचा.

मिस्त्रींची कंपनी शेअरबाजारातली. नवे शेअर काढले की आधी जुन्या भागधारकांना विचारायचं, हा त्यांचा पहिला हक्क. तो बाजूला सारून सगळे शेअर एका बड्या गुंतवणूकदाराला द्यायचे, असा प्रस्ताव आला. त्याला सभेत तीन-चतुर्थांश मतं हवी होती आणि ती मिळाली. सभागृह भरलं म्हणून भागधारक असलेल्या निवृत्त कामगारांना शेजारच्या खोलीत बसवलं होतं. आपण विरोधात हात वर केले, असं ते शपथेवर सांगत होते. मोजणीत मात्र खोलीतला एकच विरोधात, बाकी सगळे बाजूने.

"निदान एक तरी इमानी निघाला," बापू पुटपुटला.

सेक्रेटरी म्हणाले, मशीनच्या दणदणाटात कान गेलेली माणसं, उलटंच ऐकलं असेल. अध्यक्षांनी सांगितलं, पद्धत ठरलेली आहे, आधी बाजूचे हात, मग विरोधातले. खोली त्यांच्या भाच्याकडे होती. ऐन वेळी खोलीतला स्पीकर बंद पडला, तेव्हा दारात उभं राहून आपण मामांचे प्रश्न शब्दशः सांगितले आणि आकडे आत नेऊन दिले, असं तो म्हणाला. स्पीकरवाला मात्र चिडला होता. त्याचा स्पीकर बिघडला नव्हता, कुणीतरी तार उपसली होती.

शेवटी कंपनीचे एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर भेटले, तेही त्याच खोलीत बसलेले. ते उघडपणे प्रस्तावाच्या बाजूचे, म्हणून मिस्त्रींनी त्यांच्याशी बोलणं टाकलेलं.

"हात कधी वर केलात?" ताईंनी विचारलं.

"दुसऱ्या वेळी. एकट्यानेच."

बापूला यात काहीच दिसलं नाही. ताईंनी मात्र सगळ्यांना सभागृहात बोलावलं.

"विरोधातला तो एक हात ऑपरेटरांचा, आणि ते तर बाजूचे," त्या म्हणाल्या. "मिस्त्रींचे कान गेले म्हणता, पण यांची नोकरीच कानांची होती. तरी दोघांनी एकच ऐकलं, आधी विरोध, मग बाजू. म्हणजे खोलीत प्रश्नच उलटे विचारले गेले. आकडे मात्र सभागृहाच्या क्रमाने लागले."

"घाईत चुकला असेल क्रम," अध्यक्ष म्हणाले.

"मग तार कशाला उपसली? स्पीकर चालू असता तर तुमचाच आवाज खोलीत गेला असता. तो बंद पडण्यात फायदा एकाचाच होता. जो प्रश्न विचारणार होता आणि आकडे आणणार होता, त्याचा."

भाच्याने मग सगळं सांगितलं. गुंतवणूकदाराने त्याला संचालकपद कबूल केलं होतं.

सभा पुन्हा झाली, सगळी एकाच सभागृहात. बाजूचे हात मागितले तेव्हा मिस्त्रींच्या रांगेतून ऑपरेटरांचा एकट्याचा हात वर गेला. मग बाकी सगळ्या रांगेचे हात विरोधात उठले.

"मोजून झालं, हात खाली घ्या," सेक्रेटरी म्हणाले.

"पुन्हा मोजा," मिस्त्री म्हणाले. "आम्हाला घाई नाही."

सेक्रेटरींनी पुन्हा मोजले. प्रस्ताव पडला. मिस्त्रींनी ऑपरेटरांना शेजारी जागा करून दिली आणि मगच ते बसले.